कुठं लिहिलंय, बोट ठेव

आमच्या ताईला शाळेत सगळे 'डबाबाई' म्हणतात. तोंडावर नाही, मागून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण ताईचे डोळे अजून चांगले मोठे होतात. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणाला पोचे आलेले. त्यात ती चिठ्ठ्या ठेवते, एका चिठ्ठीवर एक शब्द. सकाळची प्रार्थना झाली की मुलांनी एकेक करून डब्यात हात घालायचा, चिठ्ठी काढायची, शब्द मोठ्यानं वाचायचा आणि त्याचं वाक्य करायचं. ताईची अट एकच. वाक्य घरातलं पाहिजे, देवळातलं नको.

ही असली अट कशाला, ते तिच्या वर्गात एक दिवस बसलात तर कळेल. आमची शाळा ख्रिस्ती देवळाच्या आवारातली. मुलं कडेवर असल्यापासून उपासनेला येतात, चालायला लागली की रविवारच्या शाळेत जातात. त्यामुळे दुसरीतल्या पोरांना 'करुणा' हा शब्द येतो, 'तारण' येतो, 'पश्चात्ताप' तर असा घडाघडा म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढी कसली पापं केलीत यांनी! आणि अर्थ विचारा. "तारण म्हणजे काय रे?" "बाई, ज्याच्यानंतर आमेन म्हणतात ते." घ्या! याच मुलांना 'ओंजळ' माहीत नाही. 'उसवणं' माहीत नाही. 'कोनाडा' म्हटलं तर एकमेकांकडं बघतात. ताई म्हणायची, यांच्या डोक्यात वरचा मजला बांधून झालाय, खाली पायाच नाही. मग बसायची डबा घेऊन पाया घालत.

मी तिची धाकटी बहीण. शेजारच्याच खोलीत तिसरीला शिकवते. मधे फळ्यांची भिंत आहे आणि त्या भिंतीला वर छतापर्यंत जायचा कंटाळा आला असावा. तिचा वर्ग मला दिवसभर ऐकू येतो, माझा तिला. माझा आवाज जरा जास्तच ऐकू येतो असं तिचं म्हणणं. घरीही आम्ही दोघीच, आणि आई. आई अंथरुणाला खिळलेली, नजर गेलेली, जीभ मात्र शाबूत. म्हणजे दिवसभर भिंतीपलीकडं ताई आणि संध्याकाळी समोर ताई. कुणाला सांगू!

ताई थकली होती, हे आधी सांगायला हवं होतं. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. पण दुसरीला शिकवायला कुणी टिकेना, म्हणून मोठ्या बाईंनी तिला थांबवून घेतलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "एवढं वर्ष काढा हो," असं त्या दर वर्षी म्हणायच्या आणि ताई दर वर्षी काढायची. गुडघे धरलेले, घसा बसलेला, खडूनं बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या. घरी आली की पिशवी खाली ठेवायची नाही. खांद्याला पिशवी तशीच आणि खुर्चीत बसायची.

"अगं, पिशवी तरी ठेव खाली."

"ठेवते गं," म्हणायची, आणि चहा निवेपर्यंत तशीच बसून राहायची.

मग आईला वाचून दाखवायची वेळ. पवित्र शास्त्रातला एक उतारा रोज. ताई पुस्तक मांडीवर घ्यायची, चष्मा डोक्यावर सरकवायची, डोळे मिटायची आणि वाचायला लागायची. हो, डोळे मिटून! सगळं पाठ. आईला तिच्याहून पाठ. आईचे ओठ ताईच्या पुढं एक शब्द चालायचे. मी भाजी चिरता चिरता म्हणायची, "ताई, पान तरी उलट, बरं दिसतं." ती डोळे न उघडता एक पान उलटायची. कुठलंही.

आता तिच्या कागदांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. वाचन म्हणजे नुसते शब्द म्हणणं नव्हे, वाचलेलं कळलं पाहिजे, म्हणून ताई दुसरीसाठी वाचनाचे कागद करायची. वर एक गोष्ट, खाली प्रश्न. गोष्टी अर्थातच शास्त्रातल्या, शाळाच तशी. तरुणपणी तिनं हे कागद मोठ्या हौसेनं केले होते, पानभर गोष्ट असायची. मग मुलांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून अक्षर मोठं केलं आणि दोन वाक्यं कापली. मग शाळेनं कागद वाचवायला सांगितला, म्हणून अर्ध्या पानावर आली आणि आणखी चार वाक्यं कापली. मग डब्यातले नवे शब्द गोष्टीत बसवायचे, म्हणून आणखी काटछाट. दर वर्षी जेवणाच्या टेबलावर हे कापाकापीचं काम चालायचं आणि मी ताटं कुठं मांडू म्हणून वैतागायची. गोष्ट अशी आक्रसत गेली. खालचे प्रश्न मात्र तिला तोंडपाठ होते. ते ती दर वर्षी जसेच्या तसे उतरवायची.

आणखी एक. पूर्वी ताईच्या वर्गात उत्तर नुसतं बोलून चालत नसे. मूल उत्तर द्यायचं आणि ताई म्हणायची, "कुठं लिहिलंय? बोट ठेव." मग त्या पोरानं कागदावर नेमक्या जागी बोट ठेवायचं, ताई बाकांमधून जाऊन बघायची आणि मगच शाबासकी. मी नोकरीला लागले तेव्हा भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं, दिवसभर, 'बोट ठेव, बोट ठेव.' माझ्या वर्गातली पोरंही मधेच बोटं ठेवायची! पुढं वर्ग भरत गेला. बाकं इतकी दाटली की मधून बारीक माणूस जाईना, आणि ताईचे गुडघे तर मुळीच नाहीत. हळूहळू बोट सुटलं. ताई खुर्चीतून विचारायची, एक पोरगं ओरडायचं, मागोमाग सगळी ओरडायची, ताई मान डोलवायची. आणि उत्तरं बरोबर असायची. झाडून सगळी बरोबर! शाळेच्या वर्धापनदिनाच्या उपासनेत दुसरीचा वर्ग सगळ्यांसमोर उभा राहायचा, एक जण गोष्ट वाचायचा, आमच्या देवळाचे पाळकसाहेब प्रश्न विचारायचे आणि मुलं एका सुरात उत्तरं द्यायची. पाळकसाहेबांचा ऊर भरून यायचा. ते शाळा समितीचे अध्यक्षही होते, त्यामुळे ऊर भरून आलेला बरा असायचा.

आणि या वर्गात एक मुलगी आली. पोरांनी तिला 'मुंगी' नाव ठेवलं, कारण वाचताना कागदावरून तिचं बोट मुंगीसारखं चालायचं. एका शब्दावर थांबायचं, हुंगायचं, मग पुढं. काळीसावळी, बारीक, केस पाण्यानं चप्प बसवलेले. तिचे वडील हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत चादरी धुवायचे. आई नव्हती. ही माणसं देवळात येणाऱ्यांतली नव्हती. शाळा जवळ होती आणि सोडायला आणायला कुणी नव्हतं, म्हणून मुलीला आमच्याकडं घातलेलं.

डब्यातले शब्द तिला आवडायचे. 'ओझं' आलं तर म्हणाली, "माझ्या बाबांच्या डोक्यावर चादरींचं ओझं असतं." 'पिळणं' आलं तेव्हा उभं राहून हातांनी पिळूनच दाखवलं. ताई घरी येऊन सांगायची आणि हसायची. पण वाचनाचा कागद दिला की ही पोर आडवी यायची.

"बाई, हे कुठं लिहिलंय?"

सुरुवातीला रोज विचारायची. सगळा वर्ग खो खो हसायचा, हसू भिंतीवरून माझ्याकडं यायचं. ताईला बिचारीला उठायची ताकद नसायची. "नीट लक्ष दे, बाळ. बस खाली," म्हणायची. पुढं पुढं मुंगी विचारेनाशी झाली. खाली बघून बसायची. वाचनाच्या परीक्षेत नापास झाली, म्हणून पुन्हा दुसरीतच बसली. आणि या वर्षीही परीक्षेत तेच.

आमच्या शाळेत नियम होता, अजून आहे. एकाच वर्गात वाचनात लागोपाठ दोनदा नापास झालेल्या मुलाचं नाव काढून टाकतात. गोड भाषेत सांगतात, 'दुसरी सोयीची शाळा बघावी.' दुसरी शाळा कुठली बघणार तो लॉण्ड्रीतला माणूस? तो आधीच सांगून गेला होता, या वेळी जमलं नाही तर मुलीला आत्याकडं पाठवणार. आत्याची लहान पोरं सांभाळायला. म्हणजे शाळा संपली.

पेपर तपासत बसली होती ताई, तेव्हा मला म्हणाली, "मी हात टेकले गं या पोरीपुढं."

"काय लिहिलंय?"

"किती मेंढरं होती? तर म्हणे 'पुष्कळ'. हरवलेलं कुठं सापडलं? काट्यांत, तर ही लिहिते 'रानात'. घरी आल्यावर मेंढपाळानं कुणाला बोलावलं? नुसती रेघ मारून ठेवलीय. वाचते गं ती, अक्षर न् अक्षर वाचते. डोक्यात काही जात नाही."

"मग दे ना चार मार्क ढकलून. कोण बघायला येतंय?"

तिनं चष्मा काढला. "तिला येत नसताना ढकलू? तुझ्याच वर्गात येणार ना ती? तुझी गणितं सगळी शब्दांची. वाचलेलं कळत नसेल तर काय करेल? रडेल नुसती." आणि मग तीच रडली. मला तिचा इतका राग आला ना! एवढी दमलेली बाई, सगळ्या जगाच्या काळजीचं गाठोडं हिनंच उचललंय. मी म्हटलं, "तुझ्यानं होत नसेल तर सोड आता नोकरी. कुणी पाय धरलेत तुझे?" ती म्हणाली, "सोडते. या वर्षी खरंच सोडते." असं दर वर्षी म्हणायची, पण या वेळी आवाज निराळा होता.

मोठ्या बाईंनी मुंगीच्या वडिलांना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण मुलगी पुढं गेली असती तर माझ्याकडं आली असती. पाळकसाहेब वर्धापनदिनाचं ठरवायला आलेले होते, तेही बसले. मोठ्या बाईंची खोली तशी लहानच. कपाट, टेबल, कोपऱ्यात गुंडाळलेला नकाशा, आणि सगळ्यांच्या खुर्च्या एकमेकींना खेटलेल्या. मुंगीचे वडील बसले नाहीत, दारापाशी उभे राहिले. कामावरून तसेच आलेले, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. साबणानं हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. मुंगी त्यांच्या पायाला चिकटून.

मोठ्या बाईंनी नियम सांगितला. चांगल्या शब्दांत सांगितला, पण नियम तो नियमच.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मला एकच कळत नाही. रविवारी हिला घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून कामावर नेतो. मला वाचता येत नाही. गाठोड्यांवर चिठ्ठ्या असतात, कुठलं कुठल्या वॉर्डचं. त्या ही वाचते. मी तसं नेऊन टाकतो. अजून एक गाठोडं चुकलेलं नाही. मग इथं कशी नापास होते? का ही मला बनवते?" आणि त्यांनी पोरीकडं बघितलं.

"वाचून घेऊ या ना," पाळकसाहेब म्हणाले. स्वभावानं मऊ माणूस, खोटं का बोला.

ताईनं मेंढराचा कागद पुढं केला. मुंगीनं टेबलाच्या कडेला कागद धरला आणि तिचं बोट चालायला लागलं. 'एक मेंढपाळ होता. त्याची पुष्कळ मेंढरं होती. एक मेंढरू हरवलं.' हळूहळू, पण स्वच्छ. रानात गेला, मेंढरू सापडलं, खांद्यावर घेतलं, घरी आला, त्याला आनंद झाला. संपलं.

"वाचलं की छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण समजत नाही ना. विचारा तुम्ही."

ताईनं विचारलं, "बाळ, मेंढपाळाची किती मेंढरं होती?"

"पुष्कळ."

पाळकसाहेब हसले. "अगं, शंभर! शंभर मेंढरं. लहान लहान मुलांनाही माहीत आहे."

मुंगीनं कागदाकडं बघितलं. मग पाळकसाहेबांकडं. पुन्हा कागदाकडं.

"म्हण ना शंभर," तिचे वडील हळूच म्हणाले. "साहेब सांगतायत ना? म्हण."

"पण कुठं लिहिलंय?"

त्या खोलीत त्या प्रश्नाला हसायला वर्ग नव्हता. वडिलांचा चेहरा शरमेनं काळवंडला. "उलटं बोलतेस?" म्हणून त्यांनी हात उचलला. ताई अशी चटकन उठली की मला तिच्या गुडघ्यांचीच भीती वाटली. "थांबा, थांबा! मारू नका. मी दाखवते तिला. बोट ठेवून दाखवते."

सवय हो. कितीतरी वर्षांनी ते शब्द तिच्या तोंडून आले. तिनं कागद आपल्याकडं ओढला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. खडूनं चिरलेलं ते बोट ओळीवरून गेलं, दुसरीवर उतरलं, तिसरीवर. शेवटपर्यंत गेलं. परत वर आलं. पुन्हा चाललं, या वेळी जरा हळू. डोक्यावरचा चष्मा तिनं दुसऱ्या हातानं नाकावर ओढला.

"असेल, असेल. खाली बघा," पाळकसाहेब म्हणाले.

ताई पुन्हा पहिल्यापासून निघाली. मी तिच्या शेजारी होते, मला कागद दिसत होता आणि मीही शोधत होते. मला कानात 'शंभर' ऐकू येत होतं, आईच्या आवाजात. कागदावर नव्हतं. 'काटे' नव्हते. 'शेजारी' नव्हते. ताईचं बोट आता मुंगीसारखं चालत होतं, प्रत्येक शब्दावर थांबत.

"नाहीये," ताई म्हणाली.

"काय नाहीये?" मोठ्या बाई.

"शंभर नाहीत. मीच कापले. काटे कापले. शेजारी बोलावलेले, ते कापले. प्रश्न तसेच ठेवले." ती मटकन खुर्चीत बसली. "काटे तर मुळात शास्त्रातल्या गोष्टीतही नव्हते. रविवारच्या शाळेतल्या चित्रात आहेत ते."

पाळकसाहेबांना अजून उलगडा होत नव्हता. "अहो, पण बाकीच्या सगळ्या मुलांनी बरोबर लिहिलंय की!"

"तेच तर म्हणते मी, साहेब," ताई म्हणाली. "कुठून लिहिलं त्यांनी?"

मोठ्या बाईंनी तो कागद घेतला, वाचला आणि उलटा करून मागंही बघितलं, जसं काही मेंढरं मागं जाऊन बसली असतील.

मुंगीचे वडील गोंधळून गेले होते. ते म्हणाले, "बाई, ते मेंढरांचं मला काही कळत नाही. मला परत कामावर जायचंय. हिला येतं का नाही, तेवढं सांगा."

ताईनं मुंगीला जवळ घेतलं. "येतं," म्हणाली. "माझ्या वर्गात हिला एकटीलाच येतं."

त्या माणसानं डोळे पुसले नाहीत की काही नाही. नुसते ते पांढरे हात शर्टाला पुसले आणि पोरीच्या चप्प केसांवरून एक हात फिरवला. "मग चुकली नाही तर," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मी मात्र तिथंच बसून ढसाढसा रडले. माझं असंच आहे, वेळ गेल्यावर फुटतं.

कुणाला वाटेल, झालं, गोड शेवट. कसला गोड! दुसऱ्या दिवशी ताईनं वर्गाला नवीन कागद दिला. तो मीच रात्रीच्या जेवणाआधी टेबलाशी बसून उतरवून दिला होता, ती सांगत गेली तसा. त्यात लॉण्ड्रीची गोष्ट होती. एक माणूस चादरी धुतो, त्याची बहीण वाळत घालते, वारा येतो, एक चादर उडून झाडावर अडकते. साधे शब्द, सगळे डब्यातले. प्रश्नांची उत्तरं सगळी गोष्टीत, आम्ही दोघींनी बोट ठेवून ठेवून तपासली.

भिंतीवरून मला ऐकू येत होतं. ताईनं विचारलं, "चादरी कुणी वाळत घातल्या?" मग एक हुशार पोरगा, वर्धापनदिनाला वाचायचा मान ज्याचा होता तो, ठणठणीत आवाजात म्हणाला, "येशूनं!" आणि सगळा वर्ग मागोमाग, "येशूनं!"

मला हसू आवरेना. खडू हातातच राहिला, माझी पोरं माझ्याकडं बघायला लागली. भिंतीपलीकडं ताईही हसत असेल असं मला वाटलं. मधल्या सुट्टीत गेले तर ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, हसत बिसत काही नव्हती.

"चांगली पोरं आहेत गं," म्हणाली. "ज्यात त्यात येशू म्हटलं की मोठी माणसं खूश होतात, एवढं त्यांना बरोबर कळलंय. पण वाचत नाहीत. कुणीच वाचत नाही. आणि आधीची? एवढी वर्षं मी पुढं पाठवली ती?"

"आता काय एकेकाच्या घरी जाऊन वाचायला बसवणार आहेस?" मी म्हटलं. चिडूनच म्हटलं. तिच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं मला.

वर्धापनदिनाला दुसरीचा वर्ग वाचणार नाही, असं ताईनं पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, लोक विचारतील, काय सांगू? ताई म्हणाली, "सांगा, डबाबाईच्या मुलांना अजून वाचता येत नाही, शिकतायत." तिला ते नाव माहीत होतं तर! इतकी वर्षं कळू दिलं नाही. त्या दिवशी मुलांनी नुसतं गाणं म्हटलं. पाळकसाहेब नंतर बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलायचे, आणि मोठ्या बाईंनी "एवढं वर्ष काढा हो" म्हटलं नाही. ताईनं स्वतःच जाऊन सांगितलं, की मी अजून एक वर्ष थांबते, बाकं जरा दूर दूर लावून द्या. मी तिला म्हटलं, तुला वेड लागलंय. ती म्हणाली, लागलं असेल.

मुंगी आता माझ्या वर्गात आहे. पहिल्या बाकावर. गणित वाचायला तिला सगळ्यांहून जास्त वेळ लागतो आणि मला धीर नाही, हे जगजाहीर आहे. पण थांबते. भिंतीपलीकडून दिवसभर तेच चालू असतं, बसलेल्या आवाजात, "कुठं लिहिलंय? बोट ठेव. तिथं नाही, बाळ. परत बघ." मधेच बाक सरकल्याचा आवाज येतो, मग ताईचे पाय ओढत चालल्याचा. त्या वर्गात वाचता येणारं एक मूल होतं, तेही आम्ही माझ्याकडं पाठवलं. ताईकडं नवी आली तीही सगळी पाठ येणारी.

काल संध्याकाळी घरी आली ती नेहमीसारखीच पिशवीसकट बसली. चहा निवला. मग उठून आईजवळ गेली, पुस्तक घेतलं. मी भाजी चिरत होते. बराच वेळ आवाज येईना, म्हणून बघितलं तर चष्मा नाकावर, डोळे उघडे आणि पानावर बोट. वाचत होती, एकेक शब्द, अडखळत, दमून. गोष्ट मेंढराचीच होती.

आई वैतागली. "अगं, झोप लागली का तुला? म्हण ना पुढं. शंभर मेंढरं होती, शंभर!"

"थांब गं आई," ताई म्हणाली. "माझं बोट अजून तिथं पोचलं नाही."